कट्ट्यावरचं दूध आणि सशाचे दात

माझं तोंड फाटकं आहे. हे घरात सगळ्यांनी मान्य केलंय, मीसुद्धा. लहानपणी आई पाहुण्यांना सांगायची, हिला चिडवू नका, पावसात पत्रा वाजल्यागत वाजत बसती. या तोंडानं मी पुष्कळांना पुष्कळ बोलले आणि विसरूनही गेले. एक वाक्य मात्र राहिलं. ते मी माझ्या वडिलांना, म्हणजे आबांना, भर रस्त्यात बोलले होते, एका मेलेल्या सशापायी. ते वाक्य परत घ्यायची वेळ आली तेव्हा घ्यायला समोर आबा नव्हते. ही सगळी हकीकत त्या वाक्याची आहे.

आबा जवानीत पैलवान होते. नाव छापून येण्याइतके मोठे नव्हेत. जत्रेत नारळावरच्या कुस्त्या धरणाऱ्यांतले. एका उन्हाळ्यात गुडघा निखळला, लाल माती सुटली आणि ते उद्यमनगरात लेथवर उभे राहिले. लोखंडाचा गज मशीनला लावायचा आणि केसाच्याही फरकाशिवाय हवा तेवढा उतरवायचा, हे त्यांचं काम. कुस्ती सुटली तरी खुराक काही सुटला नाही. संध्याकाळी कामावरून निघाले की सायकल सरळ गंगावेशीत, दूध कट्ट्यावर. म्हशी उभ्या असायच्या, डोळ्यांदेखत धार काढायची आणि फेसासकट ग्लास हातात. आबा दोन ग्लास उभ्यानं प्यायचे, मिशा पुसायचे आणि एक किटली भरून घरी आणायचे. आमच्या घरात ताप आला की दूध, परीक्षा आली की दूध, कुणी रडत आलं तरी आधी दूध. "धारेचं दूध हाय, कुणाचं वाईट करत न्हाय," हे मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आले.

मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते तेव्हा जयसिंगपूरच्या आत्यानं ससा दिला. तिच्या शेजाऱ्यानं सशांचा धंदा काढला होता. धंदा वर्षभरात बसला आणि शेजाऱ्यानं ससे वाटून टाकले. त्यातला एक मी पिशवीत घालून एस.टी.नं घेऊन आले. पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा, ओंजळीत मावेल एवढा. आबांनी पिशवीत डोकावून बघितलं आणि म्हणाले, "ह्यो उंदीर कशाला आणलास?" मी म्हटलं, ससा आहे. तर म्हणाले, "आसंल. पर अंगात काय न्हाय त्याच्या."

अंगात काही नाही म्हटल्यावर ते आणायचं कसं, हे आबांना माहीत होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर आबा सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, मांडी घालून बसलेले, समोर वाटी, वाटीत कट्ट्यावरचं दूध आणि त्यात वाटलेले बदाम. ससा मिशा बुडवून पीत होता आणि आबा त्याच्या पाठीवरून एक बोट फिरवत होते. "पी पैलवान, पी." नाव असं आम्ही त्याचं ठेवलंच नाही. आबा त्याला पैलवान म्हणायचे, आई बाळ म्हणायची आणि मी, चिडले की, तुमचा ससा म्हणायची.

वर्कशॉपात उरलेल्या लोखंडी अँगलचा आणि जाळीचा आबांनी पिंजरा केला. काय वेल्डिंग होतं त्याचं, बघत राहावं. खालीही जाळीच, म्हणजे लेंड्या आपोआप खाली पडाव्यात. पंधरा दिवसांत सशाच्या मागच्या पायांचे तळवे सोलून लाल झाले. तेवढ्यात कानात खपल्या धरल्या, तो मान वाकडी करून पायानं कान खाजवत बसायचा. आणि दूध-बदामानं पोट बिघडून बूड कायम बरबटलेलं, त्यावर माश्या. आबा दर दिवशी बदाम एकानं वाढवत होते.

शेवटी मी त्याला टोपलीत घातलं आणि आबांच्या सायकलवर मागं बसून आम्ही जनावरांच्या डॉक्टरांकडं गेलो. हे डॉक्टर स्कूटरवरून खेड्यापाड्यांत म्हशी तपासत हिंडायचे आणि सकाळी दोन तास शहरात बसायचे. त्यांनी सशाला बघितलं, मग आम्हाला बघितलं. म्हणाले, "मी काही सशाचा डॉक्टर नाही. तुम्हीही सशाचे मालक दिसत नाही. दोघं मिळून शिकू." कपाटातून एक जाड पुस्तक काढलं आणि ते आमच्यासमोर वाचत बसले. मला तो माणूस तिथंच आवडला.

कानातला किडा औषधानं गेला. पिंजऱ्यात लाकडी फळी आणि तिच्यावर गोणपाट टाकल्यावर तळवे भरून आले. खाण्याचं मात्र त्यांनी आबांना समोर बसवून सांगितलं. "पैलवान, हा प्राणी म्हणजे गवताची गिरणी आहे. दिवसरात्र गवत जायला पाहिजे. दूध नाही, भाकरी नाही, पाव नाही, गूळ नाही. त्याच्या पोटाला ते सोसत नाही. एक दिवस खाणं थांबलं तर गिरणी बंद पडते, आणि पडलेली गिरणी परत सुरू होईलच असं नाही." आबांनी मान खाली घालून ऐकलं आणि "व्हय" म्हणाले. दारात आल्यावर मला हळूच म्हणाले, "बदामसुदा न्हाय?" मी म्हटलं, बदामसुद्धा नाही.

घरी आल्यावर मी वहीचा कागद फाडून त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, दूध नाही, भाकरी नाही, पाव नाही, गूळ नाही, बिस्कीट नाही, आणि पिंजऱ्यावर चिकटवला. आईला वाचून दाखवला. आबांना दोनदा वाचून दाखवला. मी तेव्हा प्राणिशास्त्र शिकत होते, त्यामुळं माझ्या अंगात जरा जास्तच आलं होतं. पहाटे तो स्वतःची मऊ लेंडी खायचा, ते बघून आबा फडकं घेऊन धावले, तेव्हा मीच त्यांना अडवलं. ती घाण नव्हे, त्यातच त्याचं जीवनसत्त्व असतं, खाऊ द्या त्याला. आबा तोंड वाकडं करून म्हणाले, "बदाम चालत न्हाय आनी ह्ये चालतंय. धन्य हाय बाबा."

त्या दिवसापासून आबा सकाळी तासभर लवकर उठायला लागले. सायकल काढून रंकाळ्याच्या पलीकडं जायचे आणि हरळी, घोळ, कोवळं उसाचं वाडं असं काही ना काही पिशवीभर आणायचे. कुणी विचारलं तर सांगायचे, "म्हशीला न्हाय, पैलवानाला." शाहूवाडीकडच्या एका ओळखीच्या माणसाकडून भाताचं पिंजर, म्हणजे पेंढा, मागवलं होतं, ते माळ्यावर असायचं. ससा चांगला धरला. घरभर हिंडायचा. आबा जेवायला बसले की पाटापाशी येऊन पसरायचा. आबा कामावरून आले की सायकलच्या स्टँडचा आवाज ओळखून मागच्या पायांवर उभा राहायचा. मी कॉलेजातून आले तर कान हलवायचा, तेवढंच.

वर्षानं त्याची हनुवटी ओली राहायला लागली. लाळ गळायची, गवताची काडी तोंडात धरायचा आणि टाकून द्यायचा. मी ओठ वर करून बघितलं. खालचे दोन दात हत्तीच्या सुळ्यासारखे बाहेर आलेले, वरचे आत वळलेले. डॉक्टर म्हणाले, सशाचे दात मरेपर्यंत वाढतात. वरचे खालच्यावर घासून झिजत राहतात. याचे जन्मापासूनच नीट जुळत नाहीत, गवत खाल्लं तरी पुढचे पुरे झिजणार नाहीत. कापत राहावं लागेल. त्यांनी कटरनं कापले. एक दात उभा चिरला. ससा ओरडला. ससा ओरडतो हे मला तेव्हा कळलं. आबांनी डॉक्टरांचा हात धरला आणि म्हणाले, "डाक्टर, ह्ये लोखंडाचं काम हाय. ह्ये कापायचं नसतंय, घासायचं असतंय. मला करू द्या."

पुढच्या खेपेला आबा एक यंत्र घेऊन गेले. शिलाई मशीनच्या जुन्या मोटारीला बारीक दगडी चकती बसवलेली, चार आण्याच्या नाण्याएवढी. डॉक्टरांनी सशाचं तोंड धरलं, जीभ चमच्यानं बाजूला केली आणि आबांनी चार दात घासले. तो माणूस आयुष्यभर टनावारी लोखंड उतरवत आला होता. त्या दिवशी श्वास धरून एवढ्याएवढ्या दाताशी बसला होता. मध्येमध्ये थांबायचे, चकती गरम झाली तर दाताला चटका बसेल म्हणून. झाल्यावर व्हर्नियर लावून मापले. वरचे किती, खालचे किती. डॉक्टर हसायला लागले. म्हणाले, "पैलवान, मला यातलं एवढं येत नाही. यापुढं घरीच करा, अडलं तर या."

मग दर तिसऱ्या रविवारी आमच्या सोप्यात हा कार्यक्रम असायचा. सशाला गुंडाळायला घट्ट आणि मऊ कापड पाहिजे होतं, नाहीतर तो पाय झाडून स्वतःचंच कंबरडं मोडून घेतो. आबांनी ट्रंकेतून त्यांचा लाल लंगोट काढला. शेवटच्या कुस्तीचा. आई म्हणाली, "आवं, त्यो ठेवणीतला हाय की." आबा म्हणाले, "ठिवून काय करू, ह्योच नवा पैलवान हाय." लाल लंगोटात गुंडाळलेला ससा, वर फक्त कान आणि नाक. मी चमचा धरायची, आई डोळ्यांवर पदर घ्यायची, आबा घासायचे. आणि मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या रविवारच्या चौकटीत बारीक अक्षरात मापं लिहायचे. इतक्या मिलिमीटरचे इतके केले. त्या दोन वर्षांची कॅलेंडरं आईनं अजून ठेवलीत.

ते दिवस मला फार बरे वाटतात आठवायला.

पावसाळा होता. साखर कारखान्यांची दुरुस्तीची कामं पावसाळ्यातच असतात. आबांच्या वर्कशॉपला बिद्रीच्या कारखान्याचं काम मिळालं आणि मालकानं आबांना तिकडं पाठवलं. चार दिवसांचं म्हणाले, त्याचे दहा झाले. मधला रविवार दात घासायचा होता, तो चुकला. मी यंत्र हातात घेऊन बघितलं, चकतीचा आवाज ऐकला आणि खाली ठेवलं. माझ्यानं होणार नव्हतं. डॉक्टरांकडं नेलं तर दवाखान्याला कुलूप, ते लग्नाला परगावी गेलेले. मी एस.टी.डी. बूथवरून आबांच्या मालकाला फोन केला. आबा शनिवारी येतायत म्हणाले. मी गवत कात्रीनं बारीक कापून, चिमटीनं त्याच्या गालात सारत राहिले. शुक्रवारपर्यंत तो खात होता. कमी, पण खात होता.

शनिवारी माझं प्रॅक्टिकल होतं. चुकवता आलं असतं. आज वाटतं, काय बिघडलं असतं चुकवलं असतं तर. आईला सांगून गेले, अर्ध्या-अर्ध्या तासानं थोडं गवत भरव, दुसरं काही देऊ नकोस. संध्याकाळी आले तेव्हा आबाही नुकतेच येऊन टेकले होते. बिद्रीहून उतरले ते आधी कट्ट्यावर गेले असणार, कारण किटली दारातच होती. हातपाय न धुता त्यांनी यंत्र काढलं, सशाला लंगोटात गुंडाळलं आणि दात घासले. मापलेसुद्धा. घासून झाल्यावर आम्ही हरळीची कोवळी काडी पुढं केली. त्यानं हुंगली आणि मान फिरवली. कोपऱ्यात जाऊन पाठ कमानीसारखी करून बसला. दात वाजवत होता. लेंड्या पडत नव्हत्या. आबा म्हणाले, "दमलंय. सकाळी खाईल बघ."

रविवारी सकाळी त्याचं पोट फुग्यासारखं ताणलेलं होतं. कान बर्फागत गार. मी त्याला लंगोटात गुंडाळून उचललं आणि आम्ही पावसातून डॉक्टरांकडं गेलो. ते पहाटेच परतले होते. त्यांनी टेबलावर ठेवून पोट टिचकीनं वाजवलं, तोंड उघडून बोट फिरवलं, बोटाला पांढरा लगदा लागला. वास घेऊन ते म्हणाले, "दूध-पाव दिलाय कुणीतरी. आणि गूळ. उपाशी पोटावर. सगळं आत आंबलंय."

मी आबांकडं बघितलं. दुसऱ्या कुणाकडं बघायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. आबा टेबलाच्या कडेकडं बघत होते. म्हणाले, "व्हय. म्याच दिलं. काल आल्या आल्या."

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, पोट चोळलं, पिचकारीनं औषध पाजलं. तासाभरानं ससा एकदा लांब झाला, मागचे पाय ताणले आणि गेला. आबांनी त्याला लंगोटात नीट झाकलं आणि टोपलीत ठेवलं.

रस्त्यात मी बोलले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी, पानपट्टीसमोर, ओळखीची माणसं उभी असताना. आधी मी कागदावर लिहिलेलं सगळं म्हणून दाखवलं, दूध नाही, पाव नाही, गूळ नाही. आबा सायकल हातात धरून चालत राहिले. ते गप्प राहिले तेच मला सोसेना. मी म्हटलं, "तुम्ही मारलंत त्याला. तुम्हाला लोखंडच सांभाळता येतंय आबा, जीव सांभाळता येत नाही."

पानपट्टीवरची माणसं दुसरीकडं बघायला लागली. आबा थांबले. सायकलची घंटी अंगठ्यानं पुसली. "चल, भिजशील," म्हणाले आणि पुढं झाले. परसात शेवग्याखाली त्यांनी खड्डा काढला, गुडघा दुखत असताना खाली बसून. लंगोटासकट पुरला. आई दारातून पुढं आली नाही. मला वाटलं, तिला बघवत नसेल.

मी चार महिने आबांशी बोलले नाही. मग बोलायला लागले, कामापुरतं. मग नेहमीसारखं. आमच्या घरात भांडणं अशीच मिटतात, कुणी माफी मागत नाही, एक दिवस कुणीतरी म्हणतं, जेवायला बसा. पण ते वाक्य आमच्या दोघांच्या मध्ये होतं. मला ते ठाऊक होतं आणि तरी मी ते काढलं नाही, कारण मला वाटत होतं मी खरंच बोलले. माझ्या मनात आबांवरचा राग एका बाजूला शिल्लक होता. मी तो जपला, खोटं कशाला बोलू.

पुढं लग्न होऊन मी शाहूवाडी तालुक्यात गेले, तिथल्या शाळेत लागले. माहेरी यायची ते सणासुदीला. आबांनी काम सोडलं होतं. यायची तेव्हा आबांच्या कपात कोरा चहा असायचा. मी विचारलं तर म्हणाले, "ॲसिडिटी हाय." मी आपली थट्टा केली, पैलवान म्हातारे झाले म्हणून. आबा हसले. आईही कोराच प्यायची. माझ्यासाठी शेजारून वाटीभर दूध आणायची. त्याचंही मला काही वाटलं नाही. लग्न झालेली मुलगी माहेरी जाते ती लाड करून घ्यायला, घरात काय आहे नि काय नाही ते बघायला कुठं जाते.

तोवर सगळ्यांकडं मोबाईल आले होते. एका सकाळी आईचा फोन आला, आबा मोरीत पडले. खुब्याचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात नेलं, ऑपरेशन झालं, पण ते उठेनात. डॉक्टर म्हणाले हाडं पोकळ झालीत, दूधदुभतं देत जा. मी आईला म्हटलं, कट्ट्यावरून मागव की. आई खिडकीतून बाहेर बघायला लागली. तेवढ्यात आबांचे तालमीतले एक जुने दोस्त किटली घेऊन आले, धारेचं दूध, अजून ऊन होतं. पेला भरून आबांच्या तोंडापाशी नेला तर आबांनी मान फिरवली. दोस्त माझ्याकडं वळून म्हणाले, "तुला म्हाईत न्हाय पोरी? दहा वर्सं व्हत आली. कट्ट्यावर येतोय, बसतोय, गप्पा मारतोय, पर थेंब घेत न्हाय. सोडलंय म्हणतोय. दुसरं मानूस काशीला जाऊन एखादी भाजी सोडतंय, ह्या गड्यानं दूधच सोडलं. कशापायी ते सांगत न्हाय."

मला सांगायची गरज नव्हती. दहा वर्षं म्हटल्याबरोबर मी हिशोब मांडला. माणूस गेलं की त्याच्या नावानं आवडीचा एखादा पदार्थ सोडतात, आमच्यात पद्धत आहे. आबांनी एका सशाच्या नावानं दूध सोडलं होतं. मी बाहेर जाऊन जिन्यात बसले आणि रडले. माझ्या एका वाक्यानं या माणसाचं आयुष्यभराचं सुख गेलं होतं.

दोस्त गेल्यावर, दुपारी आबा जागे होते, आई डबा आणायला घरी गेलेली. मी त्यांचा हात हातात घेतला. लेथवरचे घट्टे अजून तसेच होते. मी म्हटलं, "आबा, ते सशाचं आता मनात ठेवू नका. माया होती म्हणूनच दिलंत तुम्ही. मी तुम्हाला माफ केलंय."

आबांनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं. काहीतरी बोलणार असं वाटलं. मग माझ्या हातावर दोनदा थोपटलं आणि म्हणाले, "बरं झालं बाई." मला एकदम हलकं वाटलं. त्या रात्री मी किती तरी दिवसांनी शांत झोपले. आबा त्यानंतर आठव्या दिवशी गेले.

तेरावं झालं, पाहुणे पांगले. मी आणखी चार दिवस राहिले. आई परसात शेवग्याचा पाला निवडत बसली होती, मी तिच्याशेजारी. मी सहज म्हटलं, "आबांनी उगीच मनाला लावून घेतलं गं. एवढ्याशा चुकीपायी दहा वर्षं दूध सोडायचं असतं का?"

आईचे हात थांबले. तिनं वर बघितलं नाही. म्हणाली, "त्यांनी न्हाय दिलं."

मला कळलं नाही.

"दूध-पाव त्यांनी न्हाय दिला. म्या दिला." मग ती थांबत थांबत बोलत राहिली. "तू कॉलेजात, ह्ये बिद्रीला. मी एकटीच घरात. सकाळधरनं ते काय खाईना. गवत पुढं केलं की मान फिरवायचं आनी माझ्याकडं बघत बसायचं. मला बघवंना. मनाला म्हटलं, येवढं एकडाव देऊ या, कुणाला कळतंय. पाव कुस्करला, दूध घातलं, गुळाचा खडा टाकला. आनी खाल्लं गं त्यानं. चाटून पुसून खाल्लं. मला इतकं बरं वाटलं, त्याच्या म्होरं बसून रडलो मी."

मी म्हटलं, "मग आबा का म्हणाले..."

"पहाटे त्याचं पोट फुगलेलं दिसलं तवा मी त्यांना सांगितलं. मी तुलाबी सांगणार हुतो. त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, तिचं तोंड तुला सोसायचं न्हाय. मी आखाड्यातला गडी हाय, मला मार खायची सवय हाय." आईनं पदर तोंडाला लावला. "आनी दूध सोडलं तवा मी म्हटलं, आवं, चूक माझी, तुमी कशाला? तर म्हणाले, धारेचं दूध कुणाचं वाईट करत न्हाय, ह्ये ह्या घरात शिकवलं कुणी? म्याच की. त्यांनी सोडल्यावर मी कशी पिऊ? मीबी सोडलं."

शेवग्याखाली जिथं ससा पुरला होता ती जागा आमच्यापासून दोन हातांवर होती. तिथं हरळी माजली होती. आई म्हणाली, "बोल की आता. मला बोल. दहा वर्सं वाट बघतोय मी, तू कवा बोलतीस म्हणून."

मी तिच्या मांडीवरचा पाल्याचा ढीग बाजूला केला, तिला उठवलं आणि म्हटलं, चहा टाक. तिनं टाकला, कोराच. कप हातात घेऊन मी परत तिथंच येऊन बसले आणि दवाखान्यातली ती दुपार आठवली. मी आबांचा हात हातात घेतला होता, मोठं मन केलं होतं, आवाज अगदी मऊ केला होता, आणि म्हणाले होते, मी तुम्हाला माफ केलंय. आणि आबा मला म्हणाले होते, बरं झालं बाई.